मोटारीतला आवाज आणि उडालेला फ्यूज : व्हायब्रेटरपासून मॉस्फेटपर्यंत

१/३४ #धागा
धावत्या मोटारीत गाणे अचानक थांबते. ॲम्प्लिफायरचा दिवा विझलेला असतो आणि फ्यूज जळालेला सापडतो. नवा फ्यूज बसवला की तोही क्षणात जातो. आजच्या कारागिरापुढचे हे कोडे १९३० च्या दशकातील कारागिरापुढेही होते, आणि त्याचे उत्तर शोधण्याची रीतही जवळजवळ तीच होती. मोटारीतील वीजपुरवठ्याच्या बिघाडाचा आणि त्याच्या निदानाचा हा इतिहास.

२/३४
कोड्याच्या मुळाशी एक साधी विसंगती आहे. मोटारीची बॅटरी कमी दाबाची वीज देते. पूर्वी ६ व्होल्ट, आता १२. मोठा आवाज निर्माण करणाऱ्या यंत्रणेला मात्र त्याहून बराच जास्त दाब लागतो. म्हणजे बॅटरी आणि आवाज यांच्यामध्ये दाब वाढवणारा एक दुवा हवा. मोटारीतील ध्वनियंत्रणेच्या इतिहासात हाच दुवा सर्वांत नाजूक ठरत आला.

३/३४
१९२० च्या दशकातील रेडिओ व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्हमधील तार तापवण्यासाठी कमी दाबाची 'ए' बॅटरी पुरे. पण त्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन पट्टिकेकडे खेचून घ्यायला ९० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब लागे. त्यासाठी ४५ व्होल्टच्या कोरड्या 'बी' बॅटऱ्या एकापुढे एक जोडत. घरात ही सोय कशीबशी चाले. मोटारीत त्या जड खोक्यांना जागा तरी कुठे द्यायची?

४/३४
पॉल गॅल्विन आणि त्यांचे बंधू जोसेफ यांनी १९२८ मध्ये शिकागोत एक छोटा कारखाना सुरू केला. त्यांचे पहिले उत्पादन म्हणजे 'बॅटरी एलिमिनेटर' : बॅटरीवरचा रेडिओ घरच्या विजेवर चालवणारे उपकरण. परंतु लवकरच थेट घरच्या विजेवर चालणारे रेडिओ बाजारात आले आणि एलिमिनेटरची गरज सरू लागली. त्यातच १९२९ चे शेअरबाजाराचे संकट कोसळले. कारखाना टिकवायचा तर नवे काहीतरी शोधणे भाग होते.

५/३४
ते नवे काहीतरी म्हणजे मोटारीचा रेडिओ. जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले. गॅल्विन यांच्याकडे प्रदर्शनात गाळा नव्हता. त्यांनी रेडिओ बसवलेली आपली मोटार बाहेर उभी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना तो ऐकवला. 'मोटोरोला' हे नाव याच उत्पादनाचे. किंमत ११० ते १३० डॉलर. त्या काळी सुमारे ५०० डॉलरमध्ये फोर्डची नवी मोटार मिळे!

६/३४
किमतीपेक्षाही पुरवठ्याची अडचण मोठी होती. सुरुवातीच्या अशा संचांना वेगळ्या 'बी' बॅटऱ्या लागत. त्या बसवायला मोटारीच्या तळाशी जागा करावी लागे. त्या संपल्या की नव्या घेण्यावाचून गत्यंतर नसे, कारण मोटारीच्या मुख्य बॅटरीप्रमाणे त्या इंजिनाकडून पुन्हा भारित होत नसत. मुख्य बॅटरीचे ६ व्होल्टच २०० ते २५० पर्यंत चढवता आले तरच हा धंदा उभा राहणार होता.

७/३४
दाब चढवण्याचे काम ट्रान्सफॉर्मर करतो. पण त्याला बदलता प्रवाह लागतो. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने, एकसारखा वाहतो. असा दिष्ट प्रवाह ट्रान्सफॉर्मरला थेट जोडला तर दाब वाढत नाही, फक्त तार तापते. म्हणून त्या प्रवाहाचे आधी 'तुकडे' करावे लागतात : चालू, बंद, पुन्हा चालू. पुढील सर्व यंत्रे म्हणजे हे तुकडे करण्याचे निरनिराळे मार्ग होत.

८/३४
एक उपाय मात्र ट्रान्सफॉर्मरला वगळून जाणारा होता : 'डायनामोटर'. एकाच फिरत्या गाभ्यावर मोटार आणि जनित्र अशी दोन्ही वेटोळी. बॅटरी मोटार फिरवते आणि दुसऱ्या बाजूने उच्च दाब मिळतो. यंत्र भक्कम, पण महाग. त्याचे ब्रश झिजत आणि घरघर ऐकू येई. पोलीस व लष्करी वाहनांत त्याने दीर्घ सेवा केली. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी रणगाड्यांच्या बिनतारी संचांतही डायनामोटर होते.

९/३४
सर्वसामान्यांच्या मोटारीसाठी वेगळा मार्ग निघाला, आणि तो विसाव्या शतकातला नव्हताच. आयर्लंडमधील मेनूथ येथील धर्मगुरू-प्राध्यापक निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये प्रवर्तन वेटोळे तयार केले. पॅरिसमधील हाइनरिख रुमकॉर्फ या यंत्रकाराने १८५१ पासून त्याला प्रगत रूप दिले. बॅटरीच्या अल्प दाबातून लांब ठिणगी काढणारे हे यंत्र पुढे युरोपातील प्रयोगशाळांमध्ये सर्वत्र पोहोचले.

१०/३४
या वेटोळ्यात प्रवाह तोडण्याचे काम एक लवचिक पट्टी करी. प्रवाह सुरू झाला की लोखंडी गाभा चुंबक होऊन पट्टीला ओढी. पट्टी ओढली गेली की संपर्क तुटे. संपर्क तुटला की चुंबकत्व नाहीसे होई आणि पट्टी परत येऊन प्रवाह पुन्हा सुरू करी. विजेच्या घंटेतही हेच तत्त्व असते. फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीतील ठिणगीची वेटोळीसुद्धा अशाच थरथरणाऱ्या पट्टीवर चालत.

११/३४
मात्र संपर्क तुटताना त्या टोकांवर ठिणगी उडे आणि टोके जळत. वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकाएकी थांबायला तयार नसतो. वाट बंद केली तर तो हवेतून उडी मारतो. १८५३ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आर्मां फिझो यांनी या संपर्काला कपॅसिटर जोडण्याचा उपाय सुचवला. साठलेल्या ऊर्जेला क्षणभर थांबायला जागा मिळाली, टोकांची जळ कमी झाली आणि मुख्य ठिणगीही वाढली. पुढच्या कथेत हा कपॅसिटर पुन्हा भेटेल.

१२/३४
१९३० च्या दशकाच्या आरंभी ही जुनी पट्टी मोटारीच्या रेडिओत आली. तिचे नाव 'व्हायब्रेटर', म्हणजे कंपक. इंडियानापोलिसची पी. आर. मॅलरी कंपनी ही त्याची अग्रगण्य उत्पादक. काडेपेटीहून थोड्या मोठ्या धातूच्या डबीत रबराच्या अस्तरात बसवलेली एक पोलादी पट्टी; तिच्या दोन्ही बाजूंना टंगस्टनचे संपर्क. अमेरिकी व्हायब्रेटर सामान्यतः सेकंदाला ११५ वेळा कंप पावत.

१३/३४
पट्टी डावीकडे गेली की प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याच्या एका अर्ध्या भागातून वाहे. उजवीकडे गेली की दुसऱ्या अर्ध्या भागातून, उलट दिशेने. ट्रान्सफॉर्मरला हवा असलेला बदलता प्रवाह असा मिळे. दुय्यम वेटोळ्यावर मिळालेला उच्च दाब रेक्टिफायर पुन्हा एका दिशेला वळवी आणि मोठे कपॅसिटर त्यातील चढउतार सपाट करीत. व्हायब्रेटर, ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, गाळणी : ही साखळी ध्यानात ठेवावी.

१४/३४
थोडा हिशोब करू. २५० व्होल्टवर ६० मिलिअँपिअर म्हणजे १५ वॅट. हेच १५ वॅट ६ व्होल्टमधून काढायचे तर २.५ अँपिअर लागतात. वाटेतील तूट धरली तर त्याहूनही जास्त. दाब जितका चढवावा तितका प्रवाह मागच्या बाजूला वाढतो, आणि तो सगळा त्या इवल्याशा टोकांमधून जातो. तासाभरात प्रत्येक संपर्क सुमारे ४ लाख १४ हजार वेळा मिटतो आणि उघडतो.

१५/३४
त्यामुळे व्हायब्रेटर झिजणार हे गृहीतच धरलेले होते. दिव्याचा बल्ब बदलावा तसा तो खोबणीतून उपसून बदलता येई. नेमक्या याच सोयीने कारागिरांना एका चुकीच्या सवयीकडे ढकलले. रेडिओ मुका झाला? डबी बदला. फ्यूज गेला? डबी बदला. आणि पुष्कळदा तेवढ्याने रेडिओ खरोखरच बोलू लागे. काही दिवसांपुरता.

१६/३४
काळ महामंदीचा होता. नोकऱ्या गेलेल्या कित्येकांनी रेडिओ दुरुस्तीची वाट धरली होती. ज्या ग्राहकाने मोठ्या कष्टाने पैसे मोजले, तोच महिन्याभरात त्याच तक्रारीसह परत आला तर दुसरी दुरुस्ती फुकट करावी लागे, किंवा ग्राहक कायमचा तुटे. कारागिराने मुद्दाम निकृष्ट भाग घातला, असा संशयही येई. चुकीच्या निदानाची किंमत अशी थेट पोटापर्यंत पोहोचत असे.

१७/३४
आणि खरा अपराधी बहुधा कोपऱ्यात बसलेला असे : ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याला जोडलेला एक छोटा 'बफर' कपॅसिटर. पट्टी एका संपर्कापासून सुटून दुसऱ्यापर्यंत पोहोचते त्या मधल्या क्षणात ट्रान्सफॉर्मरमधील ऊर्जेला वाट हवी असते. बफर ती ऊर्जा सामावून घेतो आणि वेटोळ्यांवरचा दाब हळूवार उलटवतो. दुसरा संपर्क मिटतो तेव्हा दाब जवळजवळ जागेवर आलेला असतो, म्हणून ठिणगी उडत नाही. फिझोंचाच उपाय, नव्या जागी.

१८/३४
हे कपॅसिटर मेण लावलेल्या कागदाचे असत. मोटारीतली उष्णता आणि दमट हवा यांनी कागद खराब होई. बफर आतून तुटला तर टोकांवर ठिणग्या सुरू होत आणि नवा व्हायब्रेटरही लवकर जळे. बफर आतून जोडला गेला, म्हणजे शॉर्ट झाला, तर संपर्कांवर प्रचंड भार येऊन ती चिकटत आणि फ्यूज उडे. दोन्ही वेळा जळालेला दिसे तो व्हायब्रेटर, जाळणारा दुसराच.

१९/३४
यातूनच कारागिरांचा एक पक्का नियम रूढ झाला : व्हायब्रेटर बदलला की बफरही बदलायचा. तोही नेमक्या त्याच मूल्याचा आणि पुरेशा दाबाचा. पुष्कळ संचांत १६०० व्होल्ट क्षमतेचा. 'मोठा घातला तर अधिक टिकेल' ही समजूत येथे घात करी. मूल्य वाढले की दाब उलटण्याची वेळ चुके आणि बॅटरीकडून ओढला जाणारा प्रवाह विनाकारण वाढे.

२०/३४
असे ज्ञान पसरले कसे? न्यूयॉर्कचे जॉन रायडर यांनी १९३१ पासून निरनिराळ्या कंपन्यांच्या रेडिओंचे आराखडे एकत्र करून जाडजूड खंड छापले. त्यांच्या नावातच 'ट्रबल शूटर' हे शब्द होते. आल्फ्रेड गिरार्डी यांचा 'मॉडर्न रेडिओ सर्व्हिसिंग' हा ग्रंथ १९३५ चा. लहान गावातील एकट्या कारागिरालाही आता आराखडा समोर ठेवून विचार करता येऊ लागला.

२१/३४
फ्यूज वारंवार उडत असेल तर निदान असे चाले. पहिली पायरी : व्हायब्रेटर उपसून काढा, नवा फ्यूज घाला. तरीही फ्यूज गेला तर दोष व्हायब्रेटरच्या अलीकडे, म्हणजे बॅटरीकडून येणाऱ्या तारेत किंवा तेथील छोट्या कपॅसिटरमध्ये. फ्यूज टिकला तर अलीकडची बाजू निर्दोष. एका कृतीने अर्धे यंत्र संशयातून मुक्त झाले.

२२/३४
दुसरी पायरी : खात्रीचा व्हायब्रेटर बसवा, पण रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून ठेवा. आता फ्यूज टिकला तर दोष रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे, बहुधा गाळणीच्या कपॅसिटरमध्ये. फ्यूज उडाला तर संशय ट्रान्सफॉर्मर आणि बफर यांच्यावर. बफरचे एक टोक सोडवून पुन्हा पाहिले की त्या दोघांतील दोषी कोण हेही क्षणभराच्या चाचणीत कळे. साखळी मध्ये तोडायची आणि कोणता तुकडा निर्दोष ते पाहायचे, ही ती रीत.

२३/३४
या रीतीत फ्यूजचे स्थान साक्षीदाराचे आहे. तो 'प्रवाह मर्यादेबाहेर गेला' एवढेच सांगतो. कोणामुळे ते सांगत नाही. म्हणून उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड फ्यूज घालणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे. मग तार पेटते किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. कारागिराचा कान हाही एक साक्षीदार होता. निरोगी व्हायब्रेटरचा गुणगुणाट एकसारखा असे. अडखळणारा आवाज झिजलेल्या टोकांची खूण मानला जाई.

२४/३४
आणखी एक सापळा होता ध्रुवतेचा. काही मोटारींत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असे, काहींत धन. काही व्हायब्रेटर संपर्कांच्या जादा जोडीने रेक्टिफायरचेही काम करीत. असा संच उलट ध्रुवतेच्या मोटारीत बसवला तर उच्च दाब उलटा निघे आणि गाळणीचे कपॅसिटर निकामी होत. काही संचांत यासाठी व्हायब्रेटर अर्ध्या फेरीने फिरवून बसवण्याची सोय केलेली होती. 'तुमच्या मोटारीत सांगाड्याला कोणते टोक?' हा म्हणूनच पहिला प्रश्न.

२५/३४
हे सारे केवळ करमणुकीपुरते नव्हते. डेट्रॉईटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींना रेडिओवरून संदेश देण्यास आरंभ केला. तो एकतर्फी होता : ठाणे बोले, मोटार ऐके. मोटारीतला संच मुका झाला तर ठाण्याला ते कळण्याचा मार्गच नव्हता. १९३६ मध्ये गॅल्विन यांच्या कारखान्यानेही 'पोलीस क्रूझर' हा खास संच आणला. अशा मोटारींत वीजपुरवठ्याचा बिघाड म्हणजे मदतीची हाक वाटेतच हरवणे.

२६/३४
१९५० च्या दशकाने चित्र पालटले. मोठ्या इंजिनांना सुरू करायला ६ व्होल्टची बॅटरी अपुरी पडू लागली. १९५३ ते १९५६ या काळात अमेरिकी मोटारी १२ व्होल्टवर गेल्या. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. किंमत १५० डॉलर. ट्रान्झिस्टर १२ व्होल्टवर थेट चाले. २५० व्होल्टची गरज संपली आणि तिच्याबरोबर व्हायब्रेटरचे राज्यही संपले.

२७/३४
व्हायब्रेटर गेला, कल्पना मात्र राहिली. १९५५ मध्ये वेस्टिंगहाउसमधील जॉर्ज रॉयर यांनी दोन ट्रान्झिस्टर आणि एक ट्रान्सफॉर्मर यांची अशी जोडणी प्रसिद्ध केली की ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालू-बंद होत राहतात. पोलादी पट्टीचे काम आता कोणताही भाग न हलवता होऊ लागले. झिजणारी टोके नाहीत, चिकटणारे संपर्क नाहीत, आणि गती कितीतरी जास्त.

२८/३४
मोटारीतील संगीताला या कल्पनेची पुन्हा गरज का पडली? पुन्हा हिशोब. इंजिन चालू असताना दाब सुमारे १४.४ व्होल्ट. त्यावर थेट चालणारा साधा ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला कागदोपत्रीही जेमतेम ६.५ वॅट देतो. स्पीकर दोन ॲम्प्लिफायरांच्या मध्ये जोडला तरी २६ वॅटच्या पुढे जाता येत नाही. १०० वॅट हवे असतील तर दाब चढवणे अटळ. १९३० ची गरज वेगळ्या वेषात परत आली.

२९/३४
अमेरिकेत जिम फॉसगेट यांनी १९७३ मध्ये मोटारीसाठी स्वतंत्र ॲम्प्लिफायर बनवला. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल कंपनीच्या रॉबर्ट मॅमानो यांनी एसजी १५२४ ही चिप आणली. अशा पुरवठ्याचे सारे नियंत्रण ती एकटी सांभाळे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएल ४९४ ही त्याच कुळातली. तिकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठा प्रवाह झेलणारे मॉस्फेट बाजारात आले. आजही असंख्य ॲम्प्लिफायरांत टीएल ४९४ आणि मॉस्फेट हीच जोडी दिसते.

३०/३४
आता साखळी ताडून पाहावी. पट्टीच्या जागी मॉस्फेटच्या दोन फळ्या. त्या प्राथमिक वेटोळ्याचे दोन अर्धे भाग आळीपाळीने चालवतात, पण सेकंदाला हजारो वेळा. म्हणून लोखंडी गाभ्याऐवजी फेराइटची लहान कडी पुरते. पुढे रेक्टिफायर डायोड आणि गाळणी. पट्टी मध्यावर असताना कोणत्याच संपर्काला टेकत नसे. टीएल ४९४ सुद्धा दोन्ही फळ्या क्षणभर बंद ठेवते. दोन्ही एकाच वेळी चालू झाल्या तर फ्यूज गेलाच.

३१/३४
चूकही तीच राहिली. फ्यूज उडतो, मोजल्यावर मॉस्फेट शॉर्ट निघतात, नवखा कारागीर ते बदलून थेट बॅटरी जोडतो, आणि नवे मॉस्फेट धूर सोडतात. कारण त्यांना जाळणारा पुढे बसलेला असतो : शॉर्ट झालेला आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा रेक्टिफायर डायोड. कधी मॉस्फेट जाताना आपल्या गेटचा रोधक आणि त्यामागचा चालक ट्रान्झिस्टरही घेऊन जातात. तेथून धड संकेत मिळाला नाही तर नवा मॉस्फेट अर्धवट चालू राहून तापतो व जळतो.

३२/३४
जाणता कारागीर म्हणून जुन्याच पायऱ्या चढतो. बॅटरी सोडवून, मोठे कपॅसिटर रिकामे करून, तो धन व ऋण टोकांमधला रोध मोजतो. तो शून्याजवळ असेल तर मॉस्फेट काढून पुन्हा मोजतो. अजूनही शून्यच? मग दोष बहुधा उलट ध्रुवतेपासून रक्षण करणाऱ्या डायोडमध्ये; कोणीतरी बॅटरी उलटी जोडली असावी. रोध वाढला? मग मॉस्फेट गेलेले आहेत, आणि ते का गेले याचा शोध पुढच्या बाजूला घ्यायचा.

३३/३४
त्यानंतर डायोड आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तपासायचे. मॉस्फेट नसतानाच टीएल ४९४ ला वीज देऊन तिच्या १४ क्रमांकाच्या पायावर ५ व्होल्ट आहेत का, आणि दोन्ही गेटपर्यंत संकेत येतो का ते ऑसिलोस्कोपवर पाहायचे. सारे ठीक असेल तरच नवे मॉस्फेट बसवून, मालिकेत १२ व्होल्टचा बल्ब जोडून पहिली वीज द्यायची. दोष उरला असेल तर बल्ब लखलखतो आणि मॉस्फेट वाचतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या महागड्या सुट्या भागांचा जीव असा एका बल्बवर टिकतो.

३४/३४
कॅलन यांच्या वेटोळ्यापासून आजच्या ॲम्प्लिफायरपर्यंत पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली. साहित्य बदलले, वेग हजारपट वाढला; पण साठलेल्या ऊर्जेला वाट हवी, दोन्ही बाजू एकाच वेळी मिटता कामा नयेत, आणि जळालेला भाग दिसला तरी जाळणारा शोधल्याशिवाय काम पुरे होत नाही, हे तीन नियम कायम राहिले. १९३० च्या दशकात एका मेणकागदी कपॅसिटरने कारागिरांना शिकवलेला तिसरा नियम आजही दर नव्या फ्यूजसोबत तपासला जातो.
#इतिहास #तंत्रज्ञान